कौशल्याबाईंचं गाढव

कौशल्याबाई खाडे यांनी आपलं विमान निवडलं, तेव्हा दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सोसायटीतली तीन शहाणी माणसं एका सुरात ओरडली, "काकू, ते नको!" आणि तिथंच ते विमान पक्कं झालं. माणदेशातल्या बाईला एखादी गोष्ट करू द्यायची नसेल तर तिला 'नको' म्हणायचं नसतं, एवढी अक्कल पुण्या-मुंबईच्या पोरांना कुठून असणार?

विमान खरं नव्हतं, कॉम्प्युटरवरचं होतं. पण त्याला 'गेम' म्हटलं की साकेतच्या कपाळाला आठी पडायची. साकेत पुण्याचा, गुडगावच्या एका कंपनीत आयटीतला, आणि सोसायटीतल्या या विमानवाल्या मंडळीचा म्होरक्या. तो म्हणायचा, "काकू, गेममध्ये बटण दाबलं की विमान उडतं. इथे ते उडवावं लागतं." आणि ते खरंच होतं. दुसऱ्या महायुद्धातली रशियन आणि जर्मन लढाऊ विमानं त्यात होती, आणि एकेकाची खोड वेगळी. कुणाचं इंजिन लगेच तापायचं, कुणी वळताना एक पंख खाली टाकून कलंडायचं, कुणाला उतरताना जरा घाई केली की ते नाकावर उभं राहायचं. चाकं खाली घ्यायची विसरलात तर पोटावर घसरत जायचं. नवशिक्यांसाठी मदतीची बटणं होती, पण ती सगळी बंद ठेवायची हा साकेतचा कायदा. दर रविवारी सकाळी सोसायटीतली विमानं रशियाच्या बाजूनं एकत्र उडायची, जर्मन विमानं कॉम्प्युटर स्वतः चालवायचा. या घराच्या बाल्कनीतून त्या घराच्या बाल्कनीत निळी वायर टाकून सगळ्यांची मशिनं जोडलेली होती.

कौशल्याबाई या भानगडीत पडल्या त्या पोराच्या मागं. खाड्यांचं बिऱ्हाड आधी लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टरमध्ये. दिनकरराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. मग द्वारकेत सोसायट्या उभ्या राहिल्या, तशी त्यांनीही तिथं जागा घेतली. आजूबाजूला निम्मी इमारत उभी, निम्म्याला बांबू, रस्त्यावर नुसती धूळ आणि पाण्याचे टँकर. पण बाल्कनी झकास. कपडे वाळत घालताना वर बघितलं की पालमच्या विमानतळावर उतरणारं विमान पोट दाखवत, चाकं लोंबवत डोक्यावरून जायचं. बाई चिमटा तोंडात धरून बघत राहायच्या. पोरगा शार्दूल या विमानवाल्यांतलाच; तो नोकरीला बंगलोरला गेला आणि कॉम्प्युटर, हेडफोन, जॉयस्टिक, सगळं इथंच ठेवून गेला. 'आई, मेल करत जा' म्हणाला. बाई मेल करायला बसल्या आणि शेजारचं विमानाचं चित्र दाबून मोकळ्या झाल्या.

दिनकरराव आणि कौशल्याबाई एकाच भागातले, म्हसवडकडचे. पण दिनकररावांनी दिल्लीत उतरल्या उतरल्या जीभ धुऊन घेतली होती. 'न्हाई'चं 'नाही' झालं, 'हाय'चं 'आहे' झालं, आणि पुढं तर 'अच्छा' नि 'बिल्कुल' हेही तोंडात बसलं. बाईंनी मात्र जीभ गावाहून आणली तशीच वापरायला ठेवली. सोसायटीच्या हळदीकुंकवाला जाताना दिनकरराव दारात हळूच म्हणायचे, "चारचौघांत जरा नीट बोल." बाई म्हणायच्या, "मी नीटच बोलते. तुमी ऐकताय वाकडं."

पहिल्या रविवारी साकेतनं बाईंना विमान दिलं नाही, सीट दिली. जयेशच्या बॉम्बरमधली मागची सीट. जयेश मुंबईचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं गोड आणि विमानात आंधळा. त्याच्या पाठीला पाठ लावून मागं तोंड करून बसायचं, बंदूक धरायची, मागून कुणी आलं तर सांगायचं आणि हाणायचं.

"जयेश, डावीकडं वळ रं! मागं बसलाय तुझ्या!"

"कोण बसलंय काकू? कुठे?"

"त्ये पिवळ्या नाकाचं! आरं वळ की मुडद्या!"

हेडफोनमध्ये साकेतचा आवाज आला. "काकू, प्लीज. रेडिओवर फक्त ठरलेले शब्द. 'ब्रेक लेफ्ट.' बस."

"तू शब्द ठरवंपत्तुर त्यानं आमची होळी केली की!"

खरंच केली होती. दुसऱ्या वेळी जयेश नकाशा बघत बघत टेकडीत घुसला. तिसऱ्या वेळी उडतानाच झाडाला अडकला. बाई मागं तोंड करून बसलेल्या, त्यांना कळलंसुद्धा नाही कशानं मेलो ते. स्क्रीन काळी झाली आणि जयेश म्हणाला, "सॉरी काकू."

त्या दिवशी सगळे साकेतच्या हॉलमध्ये चहाला जमले होते. बाईंनी कप खाली ठेवला. "मला मागं बसायचं न्हाई."

"अहो काकू, पण गनर लागतोच ना कुणीतरी," जयेश म्हणाला.

"लागतो तर तू बस. मी लग्न झाल्यापासनं स्कूटरवर मागं बसलेय. पडायचंच आसंल तर माझं मला पडू दे. तुझ्या हातनं किती येळा मरू?"

शिवांगी खो खो हसली. ती कॉलेजातली पोरगी, दिल्लीतच वाढलेली. मराठी बोलायची, पण निम्मे शब्द तिच्या हातून वाटेतच सांडलेले.

साकेतला हसू आलं नाही. कायदा म्हणजे कायदा. ज्याला पायलटची सीट पाहिजे त्यानं सगळ्यांसमोर उडायचं, मैदानाला वळसा घालायचा आणि परत उतरायचं. विमान जमिनीवर आणि पायलट जिवंत, तर सीट तुमची. नाही जमलं तर मागं बसायचं आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. "आणि काकू, तुम्ही ते दुमजली पंखांचं शिकाऊ विमान घ्या. फार प्रेमळ आहे. कितीही चुका केल्या तरी पोटात घालतं."

"चुका पोटात घालणारं घरात एक हाय. दुसरं दाव."

मग बाईंनीच माऊस हातात घेतला. एकेक विमान स्क्रीनवर गर्रकन फिरून आपलं अंग दाखवू लागलं. लांब नाकाची, पातळ कमरेची, चकचकीत विमानं येऊन गेली. आणि मध्येच एक आलं. बुटकं, जाडं, पिंपाला पंख लावल्यासारखं, शेपूट असून नसल्यासारखी.

"ह्ये कंचं?"

तेव्हाच ते तिघं ओरडले. साकेत तर उठूनच उभा राहिला. "काकू, आय-सोळा आहे ते. जुनं आहे. जरा जास्त ओढलं की गिरकी घेऊन पडतं. चाकंसुद्धा आपोआप वर जात नाहीत, हाताने दांडा फिरवून घ्यावी लागतात. आमच्यातलं कुणीच ते घेत नाही."

शिवांगी म्हणाली, "मी वाचलंय त्याच्याबद्दल. रशियन पायलट त्याला इशाक म्हणायचे. मतलब, गधा."

"गाढाव?" बाईंचा चेहरा उजळला. "मग ह्येच."

"काकू, आपल्याकडे गाढवावर बसवून धिंड काढतात!" जयेश म्हणाला.

"मला कुनी बसवंना. मी माझी बसतेय. त्याला धिंड म्हनत न्हाईत."

शनिवार ठरला. तोवर दुपारच्या वेळी, दिनकरराव ऑफिसात असताना, कौशल्याबाई आणि गाढव यांची झुंज सुरू झाली. पहिला त्रास म्हणजे पुढचं काही दिसायचं नाही. जमिनीवर असताना विमान शेपटावर बसलेलं आणि नाक आभाळात. पुढं कडब्याची गाडी चालली असावी आणि आपण तिच्या मागं, तसं. बाजूनं डोकावून बघत सरळ जायचं. त्यात इंजिन तापवून सोडलं की विमान डावीकडं ओढायचं आणि गवतात घुसायचं. याचा अर्थ बाईंना लवकर लागला. उजवा बैल तेजीचा आणि डावा अंगचोर असला की गाडी अशीच डावीकडं कलते. मग आधीपासूनच उजवीकडं दाबून धरायचं. जॉयस्टिकची मूठ उजवीकडं पिळून धरली आणि गाढव सरळ पळालं. चाकं वर घ्यायचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायचं, ते तर विहिरीवरच्या रहाटासारखंच. तेवढ्या वेळात विमान नाक वरखाली करत चालायचं, पण चालायचं.

अडलं ते वळणावर आणि उतरताना. मैदान जवळ आलं, विमान मंद झालं, जरा खाली बसल्यासारखं वाटलं, की बाईंचा हात आपसूक जॉयस्टिक मागं ओढायचा. ओढलं की नाक वर जायचं, गाढव क्षणभर आभाळाकडं बघत थांबायचं, मग एक पंख टाकून फिरकी घ्यायचं आणि मातीत. पुन्हा उडा, पुन्हा या, पुन्हा ओढा, पुन्हा माती. बाई त्या बर्फाळ रशियात इतक्या ठिकाणी पडल्या की नांगरट केल्यासारखं शेत झालं असतं.

शुक्रवारी सुट्टी होती. साकेत आणि शिवांगी वर आले. दिनकरराव मागं खुर्चीत पेपर धरून बसले होते. बायकोच्या या नादाबद्दल ते बाहेर कुणाला बोलत नव्हते आणि घरात बोलून उपयोग नव्हता. त्यांच्यासमोर बाईंनी दोनदा विमान आपटलं.

"काकू, घाबरलात की तुम्ही ओढता," साकेत म्हणाला. "का ओढता?"

"मग थांबवायचं कसं त्येला?"

"थांबवायचं?" साकेत गोंधळला. "विमान हवेत थांबत नाही काकू."

"आरं, अंगावर काय आलं, जनावर बिथरलं, की माणूस वढणारच की मागं!"

साकेतनं कागद घेतला, पंख काढला, वारा काढला, बाण काढले, कोन मोजला. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंख वारा पकडत नाही, हे त्यानं मन लावून समजावलं. पोरगा मनापासून शिकवत होता, यात खोट नव्हती. बाईंनीही नीट ऐकलं, मान डोलावली, उडाल्या, मैदानाशी आल्या, आणि सगळा कोन विसरून जॉयस्टिक पोटाशी ओढली.

गाढवानं पंख टाकला.

"काकू, यार," साकेत हरल्यासारखा म्हणाला, "ते शिकाऊ विमान घ्या ना. बिल्कुल सेम मजा आहे. उद्या सगळ्यांसमोर कशाला…"

"कशाला काय? बोल की."

"हसं होईल."

"हुंदे. हसल्यानं इमान पडत न्हाई." बाई पुन्हा उडाल्या.

पुन्हा वळसा, पुन्हा मैदान समोर. विमान मंद झालं. बाईंच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या, जॉयस्टिक मागं यायला लागली, नाक वर उठायला लागलं. आणि मागच्या खुर्चीतून पेपर फाटल्यासारखा आवाज आला.

"आगं कासरा तानून काय धरलायस! चढाला लागलीय गाडी! सैल सोड, सैल!"

बाईंच्या हातानं ऐकलं. डोक्यानं नाही, हातानं. मूठ ढिली पडली, जॉयस्टिक पुढं सरकली, नाक खाली आलं, दुसऱ्या हातानं त्यांनी इंजिन वाढवलं आणि गाढव सुळकन पुढं निघालं. मैदान खालून निघून गेलं, उतरायचं राहिलं, पण पडलं नाही.

दिनकरराव पडलेला पेपर उचलून पुन्हा तोंडापुढं धरून बसले होते. कान लाल.

बाईंनी खुर्ची फिरवली. "आली का वं जीभ परत?"

"मी आपलं… म्हणजे, मला असं म्हणायचं होतं की…"

"काय म्हनायचं व्हतं त्ये कळलं मला. तसंच म्हना ह्यापुढं."

शिवांगीनं विचारलं, "काकू, सैल मतलब? लूज?"

"लूज म्हंजे सोडूनच दिलं की. सैल म्हंजे कासरा हातात ठिवायचा, पर जनावराला मान घालाय जागा द्यायची." मग बाईंनीच सांगितलं. बैल बिथरला की कासरा ओढायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण चढावर भरली गाडी असली आणि माणूस घाबरून कासरा ताणून बसला, तर बैल मान वर करतो, पाय टाकत नाही आणि गाडी मागं येते. चढाला कासरा सैलच लागतो. "मी ह्येला सपाटीवरचा बैल समजत व्हते. ह्यो कायम चढालाच हाय."

साकेतनं आपल्या कागदाकडं बघितलं, मग बाईंकडं बघितलं. "म्हणजे मी तेच तर सांगत होतो."

"सांगत व्हतास बाबा. माझ्या हाताला तुझी भाषा येत न्हाई."

शनिवारी सकाळी साकेतच्या हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. जयेश आला, शिवांगी आली, खालच्या मजल्यावरच्या दोन पंजाबी बायका 'आंटी प्लेन उडाएगी' म्हणून आल्या. दिनकरराव दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत. बाईंनी आपली जॉयस्टिक आपल्याच हातानं टेबलावर ठेवली. साकेतनं शेवटचं विचारलं, "शिकाऊ विमान?"

"पुन्हा इचारलंस तर तुझ्या चहात मीठ."

उड्डाण ठीक झालं. गाढव थोडं डावीकडं कललं, बाईंनी उजवीकडं दाबलं. रहाट फिरवून चाकं घेतली. वळसा घेतला, तोही बेतानं. मग चाकं पुन्हा खाली घ्यायला लागल्या, तेव्हा साकेतनं त्या दिवशी वारा आडवा ठेवलाय हे त्यांना कळलं. मैदान समोरून बाजूला सरकू लागलं. विमान तिरकं झालं, मंद झालं आणि खाली बसू लागलं. हॉलमध्ये कुणीतरी 'हाय रब्बा' म्हणालं. बाईंचा हात ओढायला उठला. तोंडानं त्या स्वतःलाच म्हणत होत्या, "सैल… सैल… सैल गं कौसे…"

चाकं टेकली. विमान चेंडूसारखं उडालं. पुन्हा टेकलं, पुन्हा उडालं. तिसऱ्यांदा एका चाकावर आलं, ते चाक मोडलं, पंख जमिनीला लागला आणि गाढव गोल फिरत, धूळ उडवत धावपट्टीवरून गवतात गेलं. पंख वाकलेला, पंखा मोडलेला. शेवटी थांबलं.

जयेश हळहळला. "काकू, विमान गेलं हो."

साकेत घसा खाकरून म्हणाला, "खरं सांगायचं तर काकू, याला उतरणं म्हणत नाहीत."

"काय म्हनत्यात?"

"आदळणं."

"बरं. कायदा काय व्हता?"

साकेत स्क्रीनवरचा वाकलेला पंख बघू लागला.

"तुझ्या तोंडचाच सांगते. इमान जमिनीवर आनि पायलट जित्ता. इमान हाय जमिनीवर? का वर दिसतंय तुला?" बाईंनी जॉयस्टिकवरचं बटण फिरवून विमानातून इकडं तिकडं बघितलं. स्क्रीनवर गवत डावीकडून उजवीकडं सरकलं. "आनि ही बघ, पायलट मान हलवतीय."

पंजाबी बायकांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या. साकेत माणूस कायद्याचा होता, आपलाच कायदा मोडणं त्याच्यानं होईना. "ठीक आहे. सीट तुमची. पण उद्या विमान दुसरं घ्या. आणि रेडिओवर ठरलेले शब्द, प्लीज."

"इमान ह्येच. आनि शब्द माझे. कळलं न्हाई तर शिवांगीला इचार, तिला आता येतंय थोडं."

रविवारी बाई आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत, आपल्या विमानात बसून उडाल्या. कुणाच्या मागं नाही, कुणाच्या पाठीला पाठ लावून नाही. साकेत आणि बाकीचे पुढं वर निघून गेले. गाढवाला तेवढं पळता येत नव्हतं. बाई आपल्या चालीनं मागून येत होत्या. ढगातून पिवळ्या नाकाचं एक जर्मन विमान खाली आलं. बाईंनी गाढव वळवलं. ते बुटकं जनावर वळायला मात्र भारी निघालं, जर्मन पुढं निघून गेला. तो परत आला, बाई पुन्हा वळल्या. "ये, ये रं, आणिक ये," असं त्या हेडफोनमध्येच म्हणत होत्या आणि सगळी मंडळी ऐकत होती. कुणी 'ठरलेले शब्द' म्हणालं नाही. मग दुसरा जर्मन कुठून आला ते दिसलंच नाही. इंजिनातून काळा धूर निघाला, पंखा थांबला, आणि बर्चच्या झाडांचं रान खालून वर आलं.

दिनकरराव चहा घेऊन दारात उभे होते. "पडलीस?"

"पडले."

हेडफोनमध्ये साकेत म्हणाला, "काकू, जयेशची मागची सीट रिकामी आहे. मिशन संपेपर्यंत तिथे बसता का?"

"ऱ्हाऊ दे रिकामी," बाई म्हणाल्या. त्यांनी यादी उघडली, पिंपाला पंख लावलेलं ते बुटकं विमान पुन्हा घेतलं आणि धावपट्टीच्या टोकाला आणून उभं केलं. मग मागं न बघता म्हणाल्या, "आवं, च्या ठिवा तितं, आनि बाजूला सरा. उजेड अडतोय."